किरकोळ

आमच्या तालुक्याचं नाव संगमेश्वर आणि तालुक्याची कचेरी देवरुखात. तहसील तिकडे, पंचायत समिती तिकडे. आमच्या वाट्याला शास्त्री-सोनवीचा संगम, हायवेची धूळ आणि ‘संगमेश्वर रोड’ नावाचं स्टेशन. कागदावर सगळीकडे ‘ता. संगमेश्वर’ लिहायचं आणि काम पडलं की एसटी धरून देवरुख गाठायचं. त्या देवरुखात लेखा शाखेत मी अठ्ठावीस वर्षं काढली, पण आपल्या घरातही हीच व्यवस्था आहे हे कळायला निवृत्त व्हावं लागलं. घरपट्टीच्या पावतीवर नाव माझं, कचेरी स्वयंपाकघरात.

निवृत्त माणसाला दुपारच्या वेळी काही सुचलं तर घरच्यांनी सावध व्हावं. मला सुचलं की वाणसामानाचा खर्च अंदाजपत्रकात बसवावा. आकडा मनाने ठरवायचा नाही, आधार सरकारी हवा, ही जुनी खोड. केंद्र सरकारच्या घरगुती खर्चाच्या पाहणीत २०२३-२४ साली खेड्यातल्या माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये निघाला आणि त्यातले शंभरातले सत्तेचाळीस खाण्यापिण्यावरचे. घरात माणसं तीन : मी, ही आणि आई. गुणाकार करून ५,८१२ रुपये आले. वर १८८ रुपयांची उदारता दाखवून मी ६,००० मंजूर केले आणि १ एप्रिल २०२५ ला, आर्थिक वर्षाच्या मुहूर्तावर, लाल पुठ्ठ्याची वही उघडली.

“महिन्याला सहा हजार,” मी हिला सांगितलं.

“बरं,” ही म्हणाली.

नोकरीत असताना एक साहेब होते. प्रस्ताव फेटाळायचा असेल तेव्हा ते कधी ‘नाही’ लिहीत नसत, ‘पाहिले’ असं लिहून सही करत. हिचं ‘बरं’ त्याच जातीचं होतं, पण तेव्हा मला ते ओळखू आलं नाही.

वहीत मी लेखाशीर्षं पाडली. तांदूळ व पिठं, डाळी-कडधान्यं, तेल, साखर-चहा, मसाले, दूध, मासळी आणि शेवटी, पान पुरं भरावं म्हणून, ‘किरकोळ’. त्या बिचाऱ्याला महिना दोनशे रुपये ठेवले.

पहिली अडचण यादीची. आमच्याकडे यादी कालनिर्णयच्या फाडलेल्या पानामागे होते. मी ती हातात घेऊन चष्मा पुसला. ‘नेहमीची डाळ २. ते अर्धा. आईंचं. पूजेचं. मोठा साबण, तो नाही दुसरा.’ एका ओळीत तर नुसतं ‘तसंच’ लिहिलं होतं. मी स्पष्टीकरण मागवलं. “दुकानात द्या, त्यांना कळतं,” ही म्हणाली. मी पेठेत गेलो. दुकानदाराने यादी एकदा वरून खाली पाहिली आणि पोराला हाका मारत सुटला. ‘ते अर्धा’ म्हणजे सुकं खोबरं निघालं, ‘आईंचं’ म्हणजे इसबगोल आणि तपकीर, आणि ‘तसंच’ म्हणजे मागच्या खेपेला जिरं जसं निवडून दिलं होतं तसंच. पंचवीस वर्षं माझ्या पैशाने चाललेला हा पत्रव्यवहार मी पहिल्यांदाच वाचत होतो, आणि तोही दुभाष्याकरवी.

मग मी नियम केला : मागणी लेखी, वजनासह आणि महिन्यातून एकदाच. मधेच काही संपलं तर पुरवणी मागणी कारणासह सादर करायची. सतरा तारखेला पहिली पुरवणी मागणी आली, विजेच्या बिलामागे : ‘पोहे. कारण पोहे नाहीत. उपमा म्हणाल तर रवाही नाही.’ मसुदा निर्दोष होता. मंजूर करावा लागला.

एप्रिल संपला तेव्हा खर्च झाला होता ५,९४० रुपये. साठ रुपये अखर्चित! मी वही आईला दाखवली, शेजाऱ्यांना दाखवली, डोंबिवलीला दादाला फोन करून सांगितलं. ही काही बोलली नाही. ती डबे पुसत होती. एप्रिलभर ती डबे रिकामे करून पुसतच होती, हे माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि मला त्याचा अर्थ लागत नव्हता. मागच्या वर्षीचे पापड तळून झाले, मागच्या वर्षीचा मसाला तळापर्यंत खरवडला गेला, बरणीतली शेवटची आमसुलं सारात पडली. जुना साठा संपवून घर आगोटीसाठी मोकळं होत होतं. मी ज्याला माझी काटकसर समजत होतो ती गेल्या वर्षीच्या मे महिन्याची पुण्याई होती.

ज्यांनी कोकणात पावसाळा काढलेला नाही त्यांना आगोट समजावून सांगणं कठीण. रत्नागिरी जिल्ह्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. शास्त्री-सोनवी एकदम चढल्या की पेठेत पाणी शिरतं, आणि वाण्याची पोती वरच्या माळ्यावर आणि गिऱ्हाईक घरात अशी स्थिती येते. तेव्हा मे महिन्यात चार महिन्यांची बेगमी करायची : तांदूळ, डाळी, मीठ, कांद्याच्या माळा, मिरच्या आणून मसाला, रातांबे फोडून आमसुलं आणि आगळ, पापड, कुरडया, लाकूडफाटा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुकी मासळी. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत समुद्रात मासेमारी बंद. त्या एकसष्ट दिवसांत घरातल्या माणसांचा स्वभाव टिकवून धरणारी वस्तू म्हणजे सुका जवळा.

सरकारी पाहणीवाले महिन्याची सरासरी काढतात. चार महिन्यांचं खाणं एका महिन्यात विकत घेणाऱ्या माणसाच्या छातीत त्या महिन्यात काय होतं, याला त्यांच्या तक्त्यात रकाना नाही.

मासळीवाली मावशी ओटीवर टोपली उतरवून बसली. मी वही घेऊन समोर. तिने आधी जवळा ओंजळीत घेऊन वर उधळला, वाळू नाही हे दाखवायला. मग बोंबील हाताने मोडून दाखवला. कडकन आवाज आला पाहिजे; वाकला तर ओला. खाऱ्या बांगड्यांची पोटं उघडून दाखवली. सोडे मात्र तिने फडक्यात बांधून वेगळे ठेवले होते, सोनाराकडे नथ ठेवतात तसे. मी भाव विचारला आणि वहीकडे पाहिलं. मासळीचं मासिक लेखाशीर्ष ९०० रुपयांचं होतं.

“पाव किलो सोडे द्या,” मी म्हणालो.

मावशीने माझ्याकडे पाहिलं नाही, हिच्याकडे पाहिलं. “वयनी, दादा आजारी हायत काय वो?”

ही आतून सूप घेऊन आली. पुढचा अर्धा तास मी नुसतं लिहून घेत होतो. जवळा मापाने, बोंबील शेकड्याने, बांगडे नगाने, सोडे वजनाने : चार वस्तूंना चार एककं, आणि ह्या दोघी त्या चारांची मनातल्या मनात अशी काही बेरीज करत होत्या की माझा कॅल्क्युलेटर लाजला. शेवटी मावशीने एक मूठ जवळा वरकड टाकला, हिने तिला चहा दिला आणि व्यवहार मिटला. मे महिन्याची मासळी : ४,१५० रुपये. चहा मी किरकोळमध्ये टाकला.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट झाली. मान्सून २४ मेला केरळात आला आणि २६ मेला थेट मुंबईत. आमच्याकडे तर विसाव्या तारखेपासूनच धो धो सुरू. गच्चीवर मिरच्या, अंगणात रातांब्याची सालं, खाटेवर कुरडया, आणि आभाळ काळं. घरातली सगळी माणसं सूप-परात घेऊन आत-बाहेर धावत होती. मिरच्या शेवटी तव्यावर परताव्या लागल्या. तीन दिवस घरात कोणी सलग दोन वाक्यं बोललं नाही, नुसतं खोकला. त्यात अर्धा सिलिंडर गेला. ‘मिरच्या वाळवणे : सूर्याऐवजी गॅस’ असा खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकावा ह्याचं मार्गदर्शन कोषागार नियमांत नाही. किरकोळ.

आणि ह्या सगळ्यात मुंबईकर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळच्या तुतारी एक्स्प्रेसने दादा, वहिनी आणि दोन नातवंडं उतरली. वहिनी म्हणजे काटकसरीचं चालतंबोलतं विद्यापीठ. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या त्या तीस वर्षांच्या सभासद. त्यांच्याकडे मागणीपत्रक आगाऊ भरतात, सामान घाऊक येतं, बिल्डिंगीतल्या बायका मिळून वाटून घेतात. फसवणूक नाही, अनावश्यक खरेदी नाही. त्यांच्या आधीची पिढी १९७२ साली महागाईविरुद्ध लाटणी घेऊन मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकरांबरोबर रस्त्यावर उतरली होती. वहिनींनी लाटणं पोळपाटावर ठेवलं आणि पेन हातात घेतलं. माझी वही पाहून त्या म्हणाल्या, “भाऊजी, शीर्षं बरोबर आहेत, पण तुमच्याकडे शिस्त नाही. आमचं बघा, तीस वर्षांत एकदाही मर्यादा ओलांडली नाही.”

मी मान खाली घातली. नंतर त्या निघाल्या त्या दिवशी ओटीवर बोचकी बांधली जात होती, तेव्हा मात्र वर केली. आगळाच्या दोन बाटल्या, आमसुलं दोन किलो, कुळथाचं पीठ, घरचा मसाला वर्षाचा, फणसपोळी, काजूगर, उकडे तांदूळ आठ पायल्या, आणि ‘थोडासा’ जवळा. तीस वर्षं वहिनींचं मासिक अंदाजपत्रक का जमत आलं ते मला त्या ओटीवर उमगलं. अर्ध्या लेखाशीर्षांवर त्यांचा खर्च शून्य होता. ती शीर्षं आमच्या वहीत पडत होती. मे महिन्याची एकूण बेरीज मी हिला वाचून दाखवली : १९,३७० रुपये.

“बरं,” ही म्हणाली.

जूनमध्ये मी लेखाशास्त्राचा आधार घेतला. मेचा खर्च चार महिन्यांवर विभागून दाखवता येतो, असा टिपणीवजा खुलासा मी स्वतःलाच सादर केला आणि स्वतःच मंजूर केला. शिवाय जून-जुलैत भाजी जवळजवळ फुकटच. टाकळा, भारंगी, फोडशी, कुड्याच्या शेंगा, परसातलं अळू. फुकट हा शब्द मी फार सैल वापरतोय, हे मला एका फणसाने शिकवलं.

शेजारच्या काकूंनी अर्धा कापा फणस पाठवला. जमा बाजूला लिहायला माझ्याकडे रकाना नव्हता, तो मी त्या दिवशी आखला. पण फणस ज्या पातेल्यात आला ते पातेलं रिकामं परत जाणं आमच्याकडे शक्य नाही. ही त्यात कुरडया घालून देणार होती, पण पावसात ओल्या झाल्यामुळे त्यांचा रंग गेला होता. म्हणून मग रव्याचे लाडू वळले. पाव किलो तूप, अर्धा किलो रवा, साखर, बेदाणे, वेलची. लाडवांचा डबा पातेल्यात ठेवून पोचवला. काकूंना संकोच वाटला, त्यांनी डबा परत करताना त्यात सांदणं घातली. आता डबा आमचा, त्यामुळे हिशेब मिटायला हरकत नव्हती. पण सांदणं केळीच्या पानावर ठेवून वर स्टीलचं झाकण होतं, आणि झाकण त्यांचं होतं. ते झाकण रिकामं कसं द्यायचं? हे प्रकरण ऑगस्टपर्यंत चाललं. अर्ध्या फणसाची अंतिम किंमत मी काढली होती, पण ती इथे सांगत नाही, काकू वाचतात.

बाजारात जायचं काम मी स्वतःकडे ठेवलं होतं. आमच्या दुकानदाराशी बोलणं म्हणजे वर्तमानपत्र वाचण्यासारखं. २०२२ साली इंडोनेशियाने २८ एप्रिलला पामतेलाची निर्यात थांबवली ती २३ मेपर्यंत. ते पंचवीस दिवस त्याला पाठ आहेत, लग्नाची तारीख नसेल. त्याच वर्षी जुलैत पंचवीस किलोपर्यंतच्या पॅकबंद तांदळावर पाच टक्के जीएसटी बसला, आणि देशात सव्वीस किलोच्या गोण्या दिसू लागल्या. तो एक किलो म्हणजे भारतीय बुद्धीचा विजय, असं त्याचं मत. त्यानेच मला पिशवीवरचं बारीक अक्षर वाचायला शिकवलं. लिटरभर तेल म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम. तशीच दिसणारी शेजारची स्वस्त पिशवी आठशे ग्रॅमची असते. “काका, हल्ली भाव वाढत नाही. पिशवी बारीक होते.”

परदेशी भानगडींचा आमच्या पेठेला तसा जुना परिचय आहे म्हणा. जयगडच्या खाडीतून वर येत मोठी गलबतं एके काळी थेट संगमेश्वराच्या धक्क्याला लागत, असं १८८० च्या गॅझेटियरात नोंदलं आहे. मग गाळ भरत गेला आणि ती खालीच थांबू लागली. गाळ एका दिवसात दिसत नाही. माझ्या वहीत तो ‘किरकोळ’ ह्या शीर्षाखाली साठत होता.

जुलैच्या तीस तारखेला मी ते पान बेरजेला घेतलं. काडेपेट्या, वाती, सुतळी, वर्गणी, दाराशी आलेल्याला, आणि मग माझ्याच अक्षरात, दिवसाआड : चहा-भजी ४०. चहा-वडा ४५. चहा, दोघे, २०. तेल चार रुपयांनी कुठे स्वस्त मिळतं हे पाहायला मी पेठेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात होतो, आणि इतक्या चालण्यावर चहा हवाच. दोनशे रुपयांच्या किरकोळावर खर्च झाला होता १,४८० रुपये. घरात तांदळापेक्षा जास्त पैसे मी भज्यांवर घालत होतो. जरा धीर आला तो त्या सरकारी पाहणीनेच : तीत म्हटलं आहे की खाण्याच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा पेयं आणि तयार पदार्थांचाच असतो. म्हणजे मी राष्ट्रीय प्रवाहात होतो.

त्याच सुमारास तांदळाचा आक्षेप निघाला. सव्वीस किलोची गोणी तीन माणसांना जितके दिवस पुरायला हवी त्याच्या चार दिवस आधी संपत होती. मी दोन गोण्या तपासल्या, दोन्हीत तूट. मोजमाप आईकडे होतं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी तिला डोळ्यांनी कमी दिसतं, पण तांदूळ तिने चिपट्यानेच काढायचा हा घरातला कायदा. तिच्यावर संशय घेणं शक्य नव्हतं, म्हणून मी तो उंदरांवर घेतला. पिंजरा आणला. १८० रुपये. किरकोळ. आठ दिवस त्यात खोबऱ्याचा तुकडा लावत होतो. उंदीर एकही सापडला नाही, खोबरं मात्र रोज नवं लागलं.

२७ ऑगस्टला गणपती आले आणि अंदाजपत्रकाची जी काही हाडं उरली होती ती विसर्जित झाली. खर्च ऑगस्टात, जेवणारे सप्टेंबरात. मुंबईकर परत आले. दक्षिणेत पीक घटल्यामुळे त्या वर्षी नारळाने चाळिशी ओलांडली होती, आणि मोदकाच्या सारणात नारळाऐवजी काय चालेल असं मी विचारल्यावर स्वयंपाकघरात जी शांतता पसरली ती अजून माझ्या कानात आहे. आरतीला वाडीतली चाळीस माणसं; प्रत्येकाच्या हातावर प्रसाद; भजनी मंडळींना चहा आणि उसळ-पाव. गौरीला तिखटाचा नैवेद्य. मी वही देव्हाऱ्याच्या वर ठेवली, कोणाला दिसू नये अशी. गणपती आल्यानंतर बरोबर सव्वीस दिवसांनी, २२ सप्टेंबरला, सरकारने बिस्किटं, साबण, टूथपेस्टवरचा जीएसटी अठरावरून पाच टक्क्यांवर आणला. बाप्पा गेल्यावर. साबणावर जे काही वाचलं त्याचं हिने एक नवं सूप घेतलं.

३० सप्टेंबरला मी सहामाही साठा पडताळणी लावली. नोकरीत असताना ही पडताळणी मी खुर्चीत बसून सही करून उरकायचो. घरी मात्र माळ्यावर चढलो, डबे वाजवून पाहिले, बरण्या मोजल्या. शेवटी आईच्या खाटेखाली वाकलो. तिथे पत्र्याचा एक जुना डबा होता, वर तिचं फाटकं लुगडं. उघडला तर काठोकाठ तांदूळ. वजन केलं : साडेअकरा किलो.

“ह्ये काय?” मी विचारलं.

“त्ये व्हय,” आई म्हणाली. “चिपटं भरून काढते, त्यातली मूठ परत टाकते. माझी सासू टाकायची. वेळेला असावं.”

“पण मग मी पिंजरा…”

“त्यो आणलास तवा मना वाटलं, असंल घरात उंदीर.”

मी वही काढली. सहा महिन्यांत पहिल्यांदाच जमा बाजूला खरोखर काहीतरी लिहायचं होतं, आणि तिथे लेखाशीर्षच नव्हतं. ‘तांदूळ’ म्हणावं तर खर्च आधीच पडलेला. ‘वसुली’ म्हणावं तर कोणाकडून? आई तोवर डब्यातले दोन चिपटी तांदूळ काढून परातीत निवडायला बसली होती. उद्या सकाळी घावणे, असं आतून जाहीर झालं होतं.

“अगं, हे कशाखाली लिहू?” मी स्वयंपाकघराच्या दिशेने विचारलं.

कचेरीतून उत्तर आलं, “किरकोळ.”